बाळारामच्या शेतातलं स्टेशन

लोक गाय दान करतात, भांडी दान करतात, फार झालं तर देवळाला घंटा देतात. आमच्या घरमालकांनी रेल्वे स्टेशन दान केलं. तेही साधंसुधं नव्हे, भुयारी. आणि ते बांधून व्हायच्या आधीच, म्हणजे जमिनीत एक वीतसुद्धा खणलेली नसताना, भर दुपारी, ताशाच्या गजरात, सुपात घालून. मी स्वतः त्या मिरवणुकीत होतो, नारळ माझ्याच हातात होता. तेव्हा इथे लिहितोय ते सगळं खरं धरायला हरकत नाही. जिथे वाढवलंय तिथेही बोटभरच वाढवलंय.

मी तेव्हा बदलापूरला, बेलवलीच्या पलीकडे, त्यांच्या चाळीत भाड्याने राहायचो आणि उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या पडद्यांच्या दुकानात कापड फाडायचो. चाळ म्हणजे ओळीने खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीच्या टोकाला एक लोखंडी खाट. खाटेवर मालक. मालक दारातून आत आले की खोलीतला उजेड बाहेर जाऊन उभा राहायचा. आवाज असा, की त्यांनी पडवीतून बायकोकडे चहा मागितला तर तिकडे अंबरनाथ पश्चिमेला कुणीतरी घाबरून आधण ठेवायचं. अंगात बारा महिने बनियन. लग्नकार्याला जाताना शर्ट घ्यायचे, पण खांद्यावर टाकून. कुणी हटकलं तर म्हणायचे, "आनलाय ना शर्ट? घरी इसरून आलो असतो तं बोलायचं."

या माणसाची एक खोड होती. कुठलीही गोष्ट करायच्या आधी ते जमिनीला विचारायचे.

मी ट्रंक आणि गॅसची शेगडी घेऊन राहायला आलो, त्या दिवशी मालक दारात उभे. म्हणाले, "नाव सांग."

"काल सांगितलं ना तुम्हाला."

"मना नाय. तिला." त्यांनी फरशीकडे बोट केलं.

खोली जायची भीती मोठी असते. मी वाकून फरशीला नाव सांगितलं, गाव सांगितलं, शेठचं दुकान कुठल्या गल्लीत आहे तेही सांगितलं.

"लगीन?"

"नाही झालं अजून."

"ते पन सांग. तिच्यापासून लपवू नको."

तेही सांगितलं. माझी सोयरीक जमेपर्यंत ते अधूनमधून मला विचारायचे, "अजून तिला काय नवीन सांगायचं नाय?" चाळीतली एखादी बाई भाताची गरम पेज बाहेर ओतायला लागली की खाटेवरून गर्जना व्हायची, "सर बाय, सर!" ती त्या बाईला नसायची, जमिनीला असायची. तापलेलं पाणी पडतंय, बाजूला हो, अशी सूचना. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी भिंतीखालच्या जमिनीला हात लावायचा. विहीर, पाया, शेतात नुसता खांब रोवायचा असला तरी त्या जागेच्या रखवालदाराला राखण द्यायची, म्हणजे नारळ आणि कोंबडा. आगरी घरांतून ही रीत सगळीकडेच आहे, पण बाकीचे ती वर्षातून एकदा उरकतात. मालकांनी तिचा रोजचा संसार केला होता. "जमीन आयकते," ते म्हणायचे, "मानसासारकी मधे मधे बोलत नाय, म्हनून आपल्याला वाटतं आयकत नाय."

चाळीच्या मागे त्यांचं भातशेत. सगळं नांगराखालचं, फक्त एक कोपरा सोडलेला, भाकरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवावा तसा. तिथे एक करंजाचं झाड, खाली कुजलेल्या पानांची काळीभोर माती, आणि तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. मी एकदा नुसती सावली बघून बसायला गेलो तर मालक धावत आले. हा माणूस धावतो हे मला तेव्हा कळलं. आणि मग काय, नेहमीचा आरडाओरडा नाहीच. अगदी कानाशी येऊन, बारीक आवाजात म्हणाले, "उठ रे. इकरं नाय बसायचं."

काकींनी सांगितलं मला नंतर. काकी म्हणजे त्यांची बायको, अंगाने काडी, बोलणं मोजकं. ओटीवर बसून ओला जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथं आमची पोर हाय. पयली. पाचवी केली, गाव जेवला. बारसं नाय जालं." एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. मालकांनी स्वतः खणून पुरली होती. नाव ठेवायचं राहिलं म्हणून तिला नुसतं 'ती' म्हणायचे. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, अंबरनाथला फ्लॅट घेऊन राहायला गेला, पण मालकांचा जीव त्या कोपऱ्यातच. सकाळी तोंड धुतलं की आधी तिकडे एक फेरी. काय बोलायचे देव जाणे. काकी तिकडे जाताना मी कधी पाहिल्या नाहीत.

तर अशा या शेतात एका हिवाळ्यात पिवळ्या टोप्यांची माणसं आली. बातमी अशी की भुयारी रेल्वे येणार. उल्हासनगरच्या खालून, अंबरनाथच्या खालून, थेट बदलापूर. वरती जागाच शिल्लक नव्हती, वरती बिल्डर होते, म्हणून खालून. आमच्या दुकानात ही बातमी मी सांगितली तेव्हा शेठ बराच वेळ विचार करून म्हणाला, "साईं, नीचे से जाएगी तो गिऱ्हाईक मेरा बोर्ड कैसे पढ़ेगा?"

त्या माणसांनी शेताशेतांतून लाल रंगाच्या लाकडी खुंट्या मारल्या. आता आमच्या भागात बांध कोरायची कला फार जुनी. दर नांगरणीला भाऊ भावाचा बांध बोटभर आत ढकलतो. आजा ज्या बांधावर बसून भाकर खायचा, तो बांध नातवाच्या काळात शेजारच्याच्या गोठ्यात सापडतो. अशा कलावंतांच्या गावात खुंट्या मारून हे लोक निघून गेले. आठवडाभरात खुंट्या फिरायला लागल्या. एक तर म्हणे बारवी धरणाच्या वाटेला लागली होती. त्यांचा साहेब चिडला, खुंट्या पुन्हा जागेवर मारल्या आणि हात लावणाऱ्याला आत टाकीन असं सांगून गेला. पण सगळ्यांचा डोळा होता तो एकाच खुंटीवर. तिला वर फडकं बांधलेलं होतं. ती स्टेशनची. आणि ती बरोबर करंजाखाली होती.

गाव मालकांचं अभिनंदन करायला आलं. मालकांनी कुणाला पाणी विचारलं नाही. ते साहेबासमोर जाऊन उभे राहिले.

"हितं काय करनार?"

"आधी चाचणीचा खड्डा खणणार, बाबा. खाली माती किती, खडक कुठे लागतो, ते बघायला."

"मंग?"

"मग सगळं जमलं तर स्टेशन."

"मंग खुंटी तिकरं सरकवा थोरी. माजंच शेत हाय, कुठं पन मारा."

"सरकवता येत नाही. नकाशात बसलीय ती."

मालक घरी येऊन आडवे झाले. जेवले नाहीत. पडवीत त्या दिवशी इतकी शांतता होती की चाळीतली माणसं आजारी पडल्यासारखी हळू चालायला लागली. दुसऱ्या दिवशी ते करंजाखाली जाऊन बसले, दुपारभर. उठले तेव्हा चेहरा स्वच्छ. सरळ शेजारच्या शेतावर गेले. ते शेत बाळारामचं.

बाळाराम त्यांचा चुलत भाऊ. त्यांच्याच मापाचा देह, पण कपड्याचा शौकीन. पांढराशुभ्र शर्ट घालून म्हशी धुवायचा. दोघे लहानपणी एका ताटात जेवलेले. मोठेपणी एका बांधावरून अनेकदा भांडलेले, आणि भांडण झालं की त्याच दिवशी बाळाराम मालकांकडे जेवायला यायचा, कारण घरी बायको ओरडायची.

"बाळाराम," मालक म्हणाले, "तुना स्टेशन पायजे?"

"दादा, ठट्टा करता काय?"

"पायजे का नको, ते बोल."

"पायजे तर. स्टेशन कोनाला नको?"

"ने मंग."

बाळाराम हुशार माणूस. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्याला संशय आला. "नि तुमाला नको कला?" कला म्हणजे कशाला.

मालक म्हणाले, "माज्याकडं आदीच कोन तरी झोपलंय. उठवायचं नाय."

बाळारामने मान खाली घातली. माणूस चांगला होता.

खुंट्या सगळे हलवायचे, पण अंधारात, चोरून. मालकांनी ती उजेडात हलवली, वाजतगाजत, कारण त्यांना चोरी करायचीच नव्हती. जमिनीला विचारलं, जमीन हो म्हणाली, आता लपवायचं कुणापासून? खुंटी उपटली, धुतली, तिला हळद लावली. सुपात तांदूळ, तांदळावर खुंटी. पुढे ताशा, मागे मालक, त्यांच्या मागे नारळ घेऊन मी. काकी दारात उभ्या होत्या, हात ओले, पदराला पुसायचेही राहिलेले. बाळारामच्या बायकोने, जनाकाकींनी, खुंटीला ओवाळलं. गोठ्याच्या मागे ती रोवली. राखण दिली. कोंबड्याला भुयारी रेल्वेतलं काही कळत नव्हतं, पण त्यानेही आपल्या परीने हातभार लावला.

मला वाटलं होतं पोलीस येतील. आली ती खणणारी माणसं. ती लांबून कुठून कुठून आलेली, त्यांना सांगितलेलं एवढंच की फडकं बांधलेली लाल खुंटी दिसेल तिथे खणा. अचूक जागा सांगणारं यंत्र साहेबाच्या गाडीत होतं आणि गाडी ठाण्याच्या वाहतुकीत होती. त्यांनी बाळारामच्या गोठ्यामागे खड्डा खणला. आमची खोली उभी करून आत घातली असती तर पत्र्यासकट मावली असती. खालची माती पिशव्यांत भरली, वरची ट्रकमध्ये टाकून कुठल्याशा भरावाला नेली, बांबूंना पट्टी गुंडाळून कुंपण केलं आणि गेली.

बाळारामचं त्या दिवसापासून घरात लक्ष लागेना. सकाळी शर्ट घालून खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून बसायचा. आल्यागेल्याला हात करून दाखवायचा, "हा एक नंबर. हा दोन नंबर. सरकता जिना इथं, गोठ्यातून. म्हशी हलवायला लागतील." त्याने एक पाटी रंगवून घेतली, 'नियोजित भुयारी स्थानक', आणि खाली स्वतःचं नाव. चहाचा स्टॉल मेव्हण्याला देऊन टाकला, फुलांचा जनाकाकींच्या बहिणीला. मला बोलावून म्हणाला, "तिकीट खिडकीला परदा लागंल ना? तुलाच सांगनार." मी शेठला हे सांगितलं. शेठ म्हणाला, "वहां अंधेरा होगा साईं, परदा काहे को?" शेठला धंद्यातलं कळायचं.

मालक त्या काळात फार खूश असायचे. बांधावर उभे राहून बाळारामला चिडवायचे, "काय मास्तर, गारी येल्याव काय?" बाळाराम तिकडून ओरडायचा, "लेट हाय, दादा." दोघांचे आवाज एकत्र झाले की झाडावरचे बगळे गाव सोडायचे.

गाडी लेटच राहिली. पिवळ्या टोप्या पुन्हा दिसल्या नाहीत. आधी ऐकलं की रेल्वे खालून नाही, खांबांवरून जाणार. मग ऐकलं की गावाच्या पलीकडून जाणार. मग ऐकू येणंच बंद झालं. बाळारामची खुर्ची काठावरच, पट्टी तुटून उडाली, बांबू कुणीतरी भाजीच्या मांडवाला नेले. जनाकाकी बोलायला लागल्या की बुजवा तो खड्डा, म्हैस जाईल एखादी आत. बाळाराम म्हणायचा, स्टेशन कोण बुजवतं का.

शेवटी जनाकाकींच्याच आग्रहाने मालक आणि मी त्या खणणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "त्या जागेवर खड्डा नाहीये. आमचा खड्डा इथे आहे, या झाडाखाली. इथे तुमच्या शेतात खड्डा आहे का?"

मालक म्हणाले, "नाय."

"मग झालं तर. आम्ही बुजवला असणार."

नकाशात खुंटी होती तिथेच होती. बाळारामच्या शेतातला खड्डा जगात कुणी खणलेलाच नव्हता, त्यामुळे तो बुजवायची जबाबदारीही कुणाची नव्हती. येताना रिक्षात मी हसलो. मालक हसले नाहीत.

पुढचं सांगताना मला काही वाढवता येत नाही.

श्रावणात खड्डा काठोकाठ भरला. वर शेवाळ, काठाला गुडघाभर गवत, जमीन कुठे संपते ते दिसेना. एका सकाळी वारं होतं. बाळारामची पाटी आडवी झाली होती, ती सरळ करायला तो गेला. जनाकाकी म्हशीला पेंड घालत होत्या. त्यांनी हाक मारली, ओ आली नाही. त्यांना वाटलं गेला असेल नाक्यावर. बाळारामला पोहता येत होतं, उत्तम येत होतं, पण चिखलाच्या उभ्या कडेला धरायला काही नसतं. दुपारी कुणालातरी काठावर एक चप्पल दिसली. मालकांनीच उडी मारली. मालकांनीच वर काढला. आम्ही दोघांना दोर टाकून ओढलं. पांढरा शर्ट हिरवा झाला होता.

दहाव्याला नदीवर सगळं आटपून माणसं परत आली, अंगणात बसली. मालक जनाकाकींसमोर गेले, हात जोडले. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, रडून डोळे कोरडे झालेले. म्हणाल्या, "दादा, तुमची मेलेली होती. माजा मानूस जिता होता."

ओरडून नाही म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंगणातल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी घमेलं आणि फावडं घेतलं. आपल्या शेतातली माती काढायची, घमेल्यात भरायची, डोक्यावर घेऊन बांध ओलांडायचा, खड्ड्यात टाकायची, परत यायचं. कुणी विचारलं कुठे निघालात तर म्हणायचे, "स्टेशनात." पहिले काही दिवस लोक कळवळले. मग सवय झाली. मग थट्टा सुरू झाली. मुलगा अंबरनाथहून जेसीबी घेऊन आला. भराव टाकला की अर्ध्या दिवसाचं काम, बाबा. मालक मशीनच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले.

"मशीन लावलं तं मी काय केलं?"

"पण शेत जातंय आपलं, बाबा. माती काढून काढून खाली दगड लागेल."

"लागू दे."

मुलगा मशीन घेऊन परत गेला. मी एकदा म्हटलं, शेठच्या ओळखीने उल्हासनगरहून मातीचा ट्रक आणतो. मालक म्हणाले, "दुसऱ्याची माती कला? तिनं काय केलंय?"

आणि ते जमिनीशी बोलायचे थांबले. चाळीत नवीन भाडेकरू आला, त्याला नाव विचारून किल्ली दिली, बस. बायका पेज ओतायच्या, खाट गप्प. मला चैन पडेना. एकदा मीच ओतताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, सर बाय. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "कला ओरडतंस? तिला आयकायला येत नाय. मी 'हो' आयकला तो माजाच आवाज होता."

खड्ड्यात टाकलेली माती पावसात दबायची. उन्हाळ्यात भरत आणायचे, भाद्रपदात पुन्हा खाली बसलेला असायचा. असे पावसाळे गेले. माझं लग्न झालं, मी चाळीतच वरच्या अंगाला मोठी खोली घेतली, मालकांचा देह अर्धा झाला. बनियन खांद्यावरून ओघळायचं. त्यांच्या शेतात आता भात होत नव्हता, नुसता पिवळा मुरूम उघडा पडला होता. आणि त्या मुरमाच्या मधोमध नव्हे, एका अंगाला, तो कोपरा. चारी बाजूंची जमीन खाली गेली होती, त्यामुळे तो वर आला होता, ओट्यासारखा. वर करंज. त्याची मुळं कडेने लोंबत होती. सबंध शेतात माती म्हणून उरली होती ती तेवढीच.

आणि खड्डा घोटाभर राहिला होता.

त्या उन्हाळ्यात ते रोज सकाळी फावडं घेऊन कोपऱ्याजवळ जायचे आणि बसून राहायचे. फावडं मांडीवर आडवं. ऊन चढलं की उठून परत. एक दिवस जनाकाकी आल्या. दहाव्यानंतर त्या या बांधाच्या अलीकडे पहिल्यांदाच आल्या होत्या. लांबूनच म्हणाल्या, "पुरे, दादा. घोट्याएवढा ऱ्हायलाय. घोट्याएवढ्यात कोन बुडत नाय."

मालक म्हणाले, "तो पन पयला घोट्याएवढाच घसरला, जना. बाकीचा खड्डा मागनं आला."

जनाकाकी वळून गेल्या.

पाऊस तोंडावर आला असताना मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. आवाज, तो अंबरनाथला चहा उकळणारा आवाज, घशातल्या घशात गुरगुरायला लागला. पण एक शब्द स्पष्ट यायचा. कुणीही खाटेजवळ गेलं की विचारायचे, "भरला?"

मुलगा म्हणाला, "हो बाबा, भरला." मालकांनी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मीही म्हटलं, भरला. माझ्याकडेही तसंच बघितलं. एवढी वर्षं मी ज्या सफाईने लोकांना कापड विकलं, ती सफाई त्या एका नजरेपुढे टिकली नाही. काकी मात्र प्रत्येक वेळी सांगायच्या, "नाय." पाणी पाजायच्या, कूस बदलायच्या, आणि सांगायच्या, "नाय भरला."

रविवारची सकाळ होती, मी पडवीत दाढी करत होतो. काकींनी घमेलं उचललं, फावडं उचललं आणि मागे गेल्या. मी फेस पुसून मागोमाग गेलो तोवर काकी त्या कोपऱ्यावर चढल्या होत्या. इतक्या वर्षांत तिथे त्यांचा पाय लागलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि करंजाच्या बुंध्याशी फावडं मारलं. मी पुढे झालो तर मान न वळवता हाताने थांबवलं.

काळी माती घमेल्यात, घमेलं डोक्यावर, काडीएवढी बाई मुरमातून चालत बांधाकडे. टाकून परत. दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला जनाकाकी आपल्या घरातून बाहेर आल्या. माती कुठून येतेय ते त्यांनी एकदा बघितलं, आणि आत जाऊन स्वतःचं घमेलं घेऊन आल्या. कोपऱ्याचा ओटा खाली खाली येत गेला. शेवटची खेप टाकून दोघींनी ती जमीन पायांनी दाबली, कडेपासून आतपर्यंत, मळणीच्या वेळी खळं दाबतात तशी.

काकी खाटेजवळ गेल्या. "भरला," म्हणाल्या.

मालकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे हात, नखांत काळी माती. त्या शेतात त्या रंगाची माती कुठे होती हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मग चांगल्या हाताने खाटेची दांडी धरून, जोर लावून, त्यांनी स्वतःला भिंतीकडे वळवलं.

नळावर काकी हात धूत होत्या. मला राहवलं नाही. विचारलं, "काकी, तिथे काही..."

"काय नाय. सगली मातीच होती." पाणी काळं वाहत होतं. त्या हात चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते दुपारभर तिथं बसले होते, खुंटी हलवायच्या आदी. मी घरातच होते. एक हाक मारली असती तं मी सांगितलं असतं, खनू द्या. पोर माजी पन होती ना? आता काय उरलंय तिच्यात उठवायचं. नि बाळाराम भांडला तरी येयाचा माज्याकडं जेवायला."

हात पदराला पुसून त्यांनी चहा टाकला. बशीत ओतून, फुंकून, मालकांच्या तोंडाला लावला. मालकांनी तो घेतला. पुढे ते होते तेवढे दिवस काकींच्याच हातून घेत राहिले, चहा, पेज, औषध, सगळं. घशातल्या घशात का होईना, माझ्याशी दोन शब्द बोलायचे, मुलाशी बोलायचे, जनाकाकी येऊन बसायच्या तर त्यांच्याशीही बोलायचे.

काकींशी नाही बोलले.